कवठाखालची शाळा आणि पाण्याकाठची रेंज

एका जंगलात, मुलांनो, रेंज नव्हती.

कोणत्या जंगलात, असं विचारू नका. नाव सांगितलं की तुम्ही नकाशा उघडून बसाल आणि गोष्ट राहील बाजूला. रेंज नव्हती, एवढं कळलं तरी पुरे.

त्या जंगलात एक टेकडी होती. टेकडीवर कवठाचं झाड होतं आणि झाडाखाली शाळा भरायची. चितळांची, भेकरांची, सशांची पिल्लं तिथे यायची. शिकवायला शेपटे गुरुजी होते. गुरुजी जातीने वानर, वयाने म्हातारे आणि स्वभावाने तापट.

शाळेत विषय एकच होता. वाघ आला तर जीव कसा वाचवायचा.

गुरुजींची पद्धत जुनी होती. मुलांना चरायला सोडायचं आणि आपण झाडावर लपायचं. मग मध्येच एक फांदी हलवायची. सळसळ ऐकताच जो पळाला तो पास. जो चरत राहिला त्याच्या पाठीत कवठ. कवठ कसं असतं ते खाणाऱ्याला विचारू नका, झेलणाऱ्याला विचारा.

पिल्लांच्या पाठी काळ्यानिळ्या व्हायच्या. पण त्या शाळेतलं एकही पिल्लू कधी वाघाच्या पोटात गेलं नव्हतं. त्यामुळे शाळेचं कोणाला फारसं कौतुक नव्हतं. जे घडत नाही त्याचं कौतुक कोण करणार?

ठिपकाबाई नावाची एक चितळीण होती. तिच्या नवऱ्याला वाघिणीने नेलं होतं. त्या दिवसापासून तिला कोवळं गवतही गोड लागत नव्हतं. तिला एकुलती एक मुलगी होती, टिकली. टिकली जगली पाहिजे, तिला उत्तमातलं उत्तम शिक्षण मिळालं पाहिजे, एवढंच ठिपकाबाईच्या डोक्यात रात्रंदिवस असायचं. रोज संध्याकाळी ती टिकलीच्या पाठीवरचे कवठाचे वळ चाटायची आणि गुरुजींच्या नावाने बोटं मोडायची. चितळांना बोटं नसतात हे मलाही माहीत आहे. मध्ये बोलू नका.

अशात एके दिवशी जंगलात कोकिळाबाई आल्या.

कोकिळाबाईंनी आयुष्यात स्वतःचं एक अंडं उबवलं नव्हतं. अंडी कावळिणीच्या घरट्यात टाकायची आणि आपण गात फिरायचं. मुलं दुसऱ्याकडून वाढवून घेण्याचा एवढा दांडगा अनुभव जंगलात कोणालाच नव्हता. म्हणून शिक्षणावर त्या बोलू लागल्या की सगळे माना डोलवायचे.

“जग कुठल्या कुठे गेलं आणि तुम्ही अजून कवठं खाताय?” कोकिळाबाई गोड गळ्याने म्हणाल्या. “माझ्याकडे चमकत्या पाट्या आहेत. गुरुजी पाटीत दिसतील, मुलं पाटीत बघतील. ऊन नाही, धूळ नाही, पाठीत कवठ नाही. घरबसल्या पळायला शिका.”

“घरबसल्या पळायचं कसं?” ठिपकाबाईने विचारलं.

“ते अवघड आहे, म्हणून तर शिकावं लागतं,” कोकिळाबाई म्हणाल्या.

हे ठिपकाबाईला पटलं. तिला पटलं म्हणून भेकरांना पटलं. सशांना काय, कोणाचंही पटतं.

शेपटे गुरुजी मात्र भडकले. “पाटीतून शेपूट हलवता येत नाही,” ते म्हणाले. “मी टेकडी सोडणार नाही.” मग कोकिळाबाईंनी त्यांच्यापुढे एक पाटी धरली. पाटीत गुरुजींना स्वतःचं तोंड दिसलं. गुरुजींनी डावी बाजू पाहिली. उजवी बाजू पाहिली. मिशा सारख्या केल्या. “प्रयोग करून बघायला हरकत नाही,” ते म्हणाले.

तर, कवठाखालची शाळा बंद झाली आणि पाटीवरचा वर्ग सुरू झाला. नाव ठेवलं ‘जंगलात जगण्याची कला’.

आता तुम्ही म्हणाल, रेंजचं काय? शाबास. एवढं लक्ष अभ्यासात दिलं असतं तर बरं झालं असतं.

रेंज जंगलात फक्त एकाच ठिकाणी यायची. पाणवठ्याच्या काठी एक जांभळाचं झाड होतं. झाडाखाली एक मोठा सपाट खडक होता. रेंज त्या खडकावर यायची आणि त्या झाडावर यायची. पाणवठ्यावर वाघीणही यायची. पण ती संध्याकाळी यायची आणि वर्ग सकाळी असायचा, तेव्हा काळजीचं कारण नाही, असं कोकिळाबाईंनी सांगितलं.

मग काय, रोज सकाळी सगळी पिल्लं घरातून निघायची, जंगल तुडवायची आणि घरबसल्या शिकायला पाणवठ्यावर जाऊन बसायची. गुरुजी त्यांच्याही आधी येऊन जांभळाच्या शेंड्यावर बसायचे. मागे पळसाची पानं टांगायचे, म्हणजे पाटीत पाठीमागचं छान दिसावं. गुरुजी वर, मुलं खाली, झाड एकच. पण गुरुजींनी कधी खाली पाहिलं नाही आणि मुलांनी कधी वर पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष पाटीत.

अभ्यासक्रम सोपा झाला. वाऱ्यावरून वाघाचा वास कसा घ्यायचा, हा धडा पूर्वी सगळ्यात मोठा होता. पाटीतून वास येईना, म्हणून तो वगळला. पळण्याचा धडा ठेवला, पण पाटीवर खूर आपटला की पाटीतलं हरीण पळायचं. टिकलीचं हरीण सगळ्यांच्या पुढे धावायचं. टिकली मात्र बसून बसून गरगरीत झाली. पाठीवर एकही वळ नाही, हे बघून ठिपकाबाईचे डोळे भरून यायचे.

आणि एक विद्यार्थी राहिलाच. तो सगळ्यात मागे बसायचा. पाटीतलं आपलं तोंड तो झाकून ठेवायचा. एकही दिवस त्याने बुडवला नाही आणि कधी कोणाची खोडी काढली नाही. गुरुजी म्हणायचे, “त्या तोंड झाकलेल्याकडून शिका जरा.”

तो होता ढाण्या. वाघिणीचा मुलगा.

वाघिणीने ‘जंगलात जगण्याची कला’ हे नाव वाचलं होतं आणि पोराचं नाव घातलं होतं. आत काय शिकवतात ते तिने विचारलं नाही. आईबाप विचारत नसतात. ढाण्या रोज सकाळी मन लावून शिकायचा की वाघ दिसला की पळायचं, वाघाला कधी पाठ दाखवून उभं राहायचं नाही, वाघाच्या मिशा हलल्या की समजावं. घरी येऊन तो आईच्या मिशांकडे बघायचा आणि जेवत नसायचा.

असे दिवस गेले आणि परीक्षा आली.

परीक्षा मोठी होती. सकाळी सुरू झाली, ती दुपार झाली तरी संपेना, कारण रेंज मध्ये मध्ये जात होती. गुरुजी पोरांना उत्तरं सांगतील, म्हणून कोकिळाबाईंनी त्यांचा पाटीतला आवाज बंद करून टाकला होता. गुरुजींनी फक्त मुलांच्या तोंडांवर नजर ठेवायची, एवढंच काम.

ऊन कललं. टिकली पाचव्या प्रश्नावर आली. वाघ दिसताच काय करावे? (अ) पळावे. (ब) थांबावे. (क) वाघाशी चर्चा करावी. (ड) वरीलपैकी सर्व.

टिकली विचार करू लागली. तेवढ्यात कुठूनतरी कुबट वास आला. तिने नाक झाडलं आणि पुन्हा पाटीत मान घातली.

वर गुरुजी पाटीत टिकलीचं तोंड बघत होते. टिकलीच्या मागे पिवळंकाळं पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी दिसत होतं. गुरुजींना वाटलं, पोरीने पाठीमागे काय सुरेख पडदा लावलाय. आपणही असाच आणावा.

मग पडद्याने जांभई दिली.

“खॉक! खॉक!” गुरुजी ओरडले. वानराचं हे ओरडणं म्हणजे जंगलातली सगळ्यात जुनी धोक्याची सूचना. पाटीतून काहीच ऐकू गेलं नाही. पण डोक्यावरून सरळ ऐकू आलं.

“वर कोणीतरी वानर ओरडतंय,” एक ससा म्हणाला. “परीक्षा चालू आहे म्हणून सांगा त्याला.”

“गुरुजी, तुमचं तोंड हलतंय, पण आवाज येत नाही,” दुसऱ्याने पाटीला सांगितलं.

वाघीण पाणी प्यायला आली होती. येऊन बघते तर खडकावर ओळीने जेवण मांडलेलं. माना खाली, पाठी वर. असं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्या ओळीच्या शेवटी तिचं पोर.

“ढाण्या,” ती हळूच म्हणाली, “अरे, इतके दिवस तू यांच्यात बसतोस?”

“आई, गप्प बस. परीक्षा आहे.”

“घे झेप. ती गुबगुबीत चितळी बघ, अगदी पुढ्यात आहे.”

“आम्हाला झेप नाही,” ढाण्या म्हणाला. “आम्हाला पळणं आहे.”

वाघिणीला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मग तिला रडू येईल असं वाटलं.

तिकडे परीक्षा लांबली म्हणून ठिपकाबाई मुलीला न्यायला आली होती. करवंदीच्या जाळीतून तिने डोकं बाहेर काढलं आणि समोर वाघीण. ती वाघीण तिला ओळखीची होती. नवऱ्याला नेलं तीच.

“टिकले,” ती जीव तोडून ओरडली, “पळ. टिकले, पळ.”

“आई, उत्तर सांगू नकोस,” टिकली मान वर न करता म्हणाली. “नापास करतील.”

ठिपकाबाईने मुलीला शिकवून शहाणी केली होती. आता ती शहाणी मुलगी तिच्या डोळ्यांदेखत जाणार होती आणि वर पेपरही प्रामाणिकपणे देणार होती. त्या आईला काय वाटलं असेल, ते मी सांगत नाही. मला सांगवत नाही.

वाघीण म्हणाली, “राहू दे, मीच करते.” ती दबली. तिची शेपटी थांबली.

पाटीवरचा वर्ग सुरू झाल्यापासून गुरुजींनी पहिल्यांदा पाटीतून डोकं काढून खाली पाहिलं. खाली त्यांची सगळी शाळा होती. त्यांचा हात सवयीने कवठ शोधायला गेला. जांभळाला कवठ कुठून येणार? हातात होती फक्त पाटी. पाटीत अजून त्यांचं तोंड दिसत होतं, आणि ते खरंच बरं दिसत होतं. गुरुजींनी एकदा मिशांवरून हात फिरवला आणि पाटी खाली भिरकावली.

नेम चुकला. पाटी टिकलीला लागली नाही, वाघिणीलाही लागली नाही. खडकावर आपटून तिचे तुकडे झाले.

त्याबरोबर सगळ्या पाट्यांवर एकदम अक्षरं उमटली. ‘गुरुजींनी वर्ग सोडला आहे.’

पोरांनी ती वाचली. मग सगळ्यात लहान ससा हळूच म्हणाला, “सुटली.”

“सुटली, सुटली, शाळा सुटली,” असा एकच गिल्ला झाला. पाट्या जिथल्या तिथे टाकून पोरं सुटली ती उधळलीच. चितळं, भेकरं, ससे, सगळे वाट फुटेल तिकडे. टिकली एवढी गरगरीत, पण आईच्या अंगावरून उडी मारून गेली. वाघिणीने झेप टाकायला पाय उचलला आणि तसाच ठेवला. कारण त्या गर्दीत, शेपटी वर करून, आनंदाने ओरडत तिचा ढाण्या पळत होता. आणि तो सगळ्यांच्या पुढे होता.

वाघीण पाणी न पिताच घरी गेली.

ठिपकाबाईने टिकलीला टेकडीवर गाठलं. तिला हुंगलं, चाटलं, पुन्हा हुंगलं. “किती घाबरलीस गं पोरी,” ती म्हणाली.

“घाबरले कुठे? शाळा सुटली म्हणून पळाले.”

“आणि वाघीण?”

“कोणती वाघीण?” टिकलीने विचारलं.

निकाल लागला. टिकलीचा पाचवा प्रश्न कोरा राहिला, म्हणून ती नापास झाली. ढाण्या पहिला आला. कोकिळाबाईंनी झाडाझाडांवर जाहिरात लावली, ‘आमचे शंभर टक्के विद्यार्थी वाघाच्या तावडीतून सुटले. त्यांत एक वाघही आहे.’ दुसऱ्या दिवसापासून प्रवेशासाठी रांग लागली.

शेपटे गुरुजी म्हणाले, मी आपला परत कवठाखाली जातो. पण ठिपकाबाई त्यांना हात जोडून म्हणाली, “नको गुरुजी, तुम्ही पाणवठ्यावरच या. एवढं आधुनिक शिक्षण मध्येच सोडवत नाही. फक्त ऊन कललं की न चुकता एक पाटी फोडत जा.”

तात्पर्य: शिक्षणाने जीव वाचतो, हे अगदी खरे आहे. फक्त ते वेळेवर सुटले पाहिजे.