वासुदेवभाऊंची येरमटोला फेरी

वासुदेवभाऊंनी सख्ख्या बायकोला लेखी नोटीस दिली होती, ही गोष्ट आमच्या डेपोत अजून चघळली जाते. सलग तीन दिवस जेवणात लवकीची, म्हणजे दुधी भोपळ्याची भाजी झाली. चौथ्या दिवशी भाऊंनी दंडाला काळी फीत बांधली आणि ताटाऐवजी कागद पुढे केला. 'मागणी क्रमांक एक : लवकी तात्काळ बंद करण्यात यावी.' शालूवहिनींनी कागद वाचला, त्यावरच भाजीचं गरम भांडं ठेवलं आणि म्हणाल्या, "चर्चा उद्या. आज टाळेबंदी हाय." भाऊ डेपोच्या कँटीनमध्ये जेवायला आले. तिथेही लवकीच होती.

भाऊ कंडक्टर आणि आमच्या युनियनचे सचिव. मी तिथला कंट्रोलर. म्हणजे गाड्या सोडायच्या आणि न सुटलेल्या गाड्यांच्या शिव्या खायच्या. "हे आपल्याले मंजूर नाई" हे वाक्य भाऊंच्या तोंडून मी दिवसाला वीसदा ऐकायचो. डॉक्टरांनी चहातली साखर बंद केली, तर भाऊ अर्ध्या चमच्यावर तडजोड करून आले. बाजारात ते भाव करत नसत, बोलणी करत. बोलणी फिसकटली की सभात्याग. मग वांगीवाली मागून ओरडायची, "अवो सचिव, थैली राह्यली ना तुमची!"

गेल्या वर्षी पगाराच्या थकबाकीची बोलणी सुरू झाली. विभागाचे साहेब एक यादी घेऊन आले. वरून पैसा पुरेसा येत नाही, गाड्या जुन्या झाल्या, तेव्हा तोट्यातल्या फेऱ्या बंद. युनियनने हरकत घेऊ नये, मग थकबाकीचं लवकर बघू, असा एकूण सूर होता. सगळ्यांना तो पटला. भाऊंनी मात्र यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. येरमटोला. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलात डांबर जिथे संपतं तिथलं गाव.

"हे सोडून बोला, साहेब."

"अहो, त्या गाडीत चार माणसं असतात!"

"मंग? चार माणसं माणसं नाईत काय?"

युनियनची मंडळी कपाळावर हात मारून बसली. भाऊंची ड्यूटी तर त्या फेरीवर नव्हतीच! शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "पुढच्या सोमवारी मी स्वतः त्या गाडीने जाऊन येतो. माणसं दिसली तर ठेवू."

भाऊंनी लगेच दोन दिवसांची रजा टाकली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सोमवारी येरमटोल्याहून परतलेली बस एका अंगाला कलून डेपोत शिरली. माणसं उतरायला लागली ती संपेचनात. टोपल्या घेतलेल्या बाया, काठी टेकणारे म्हातारे, ढोलवाले दोघं. सगळ्यांत शेवटी साहेब उतरले. त्यांच्या हातात कुणाची तरी कोंबडी होती. ती परत करता करता त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, काय काम काढलं आज?"

"काईच नाई, साहेब. वासुदेवभाऊनं सांगतलं, साहेब आपल्याले मोजाले येऊन राह्यले. म्हून आलो."

मी डोळे मिटून घेतले. भाऊ पाठमोरे होऊन भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागले. ते त्यांना तोंडपाठ होतं.

साहेब भडकणार, तेवढ्यात सुमनबाई पुढे झाल्या. येरमटोल्याच्या ग्रामसभेच्या अध्यक्ष. "आज आमी मोजून घ्याले आलो, हे खरं हाय साहेब. पन गाडी कधी येते, कधी येत नाई, मंग लोकं बसतीन कशे? तुमी ठरल्या टाइमावर पाठवा, मंग मोजा. डिझेलले कमी पडत असन तं तेंदूपत्त्याच्या पैशातून ग्रामसभा देते. ठराव केला आमी." आणि त्यांनी टोपलीतून घडी केलेला कागद काढला.

साहेबांनी तो बाकावर बसून दोनदा वाचला. "असा कागद माझ्याकडे पहिल्यांदाच आला," एवढंच ते म्हणाले.

फेरी वाचली, पण रोजची होती ती आठवड्यातून तीन दिवस झाली. या भानगडीत थकबाकीची बोलणी लांबली, म्हणून युनियनने भाऊंना सचिवपदावरून काढलं. तशी सूचना फळ्यावर लावायची होती. नव्या सचिवाचं अक्षर वाईट, म्हणून ती भाऊंनीच सुंदर अक्षरात लिहून दिली.

"एका फेरीसाठी एवढं काऊन, भाऊ?" मी विचारलं.

"सुटीच्या दिवशी चाल माह्यासंग."

गेलो. येरमटोल्यात मोहाच्या झाडाखाली उतरलो. पहिल्याच घराच्या अंगणात, खाटेवर, डोनूभाऊ मडावी पाय खाली सोडून बसले होते. पंधरा वर्षं ते भाऊंच्या गाडीचे ड्रायव्हर. लकव्यात डावी बाजू गेली, बोलणं गेलं. भाऊंनी थैलीतून वाटी, साबण, वस्तरा काढला आणि डेपोतल्या चहाड्या सांगत सांगत त्यांची दाढी करायला घेतली.

"आमाले हातच लावू देत नाई," डोनूभाऊंची सून मला म्हणाली. "भाऊचीच वाट पाह्यते."

दाढी झाली. भाऊंनी टॉवेलने त्यांचा चेहरा पुसला आणि वस्तऱ्याची मूठ वाटीवर दोनदा वाजवली. टण्, टण्. कंडक्टरची डबल घंटी. गाडी सोड.

डोनूभाऊंचा उजवा पाय मातीवर हळूच दाबला गेला.

भाऊ वाटी धुवायला विहिरीकडे गेले. बसने हॉर्न दिला, पुन्हा दिला, तरी ते वाटीच धूत होते.