जगदेवरावांचा चीनवर खटला

गूळ काढायला म्हणून जगदेवराव स्टुलावर चढले आणि चीनशी भांडण घेऊनच खाली उतरले.

झालं असं, की कस्तुराबाईंनी फळीवरच्या डब्यांखाली रद्दीतला गुळगुळीत कागद अंथरला होता. कुठल्याशा चिनी मासिकाचं पान. आणि त्यावर जगदेवरावांनी काढलेला फोटो! शेलूबाजारच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडकीत तोंड घालून कंडक्टरची भाकर खाणारा बैल.

हा फोटो पूर्वी अकोल्याच्या पेपरात आला होता. खाली नेहमीचंच, 'आमच्या वार्ताहराकडून'. रिसोडहून बातम्या पाठवता पाठवता केस पिकले, पण जगदेवरावांचं नाव काही छापून आलं नव्हतं. (लग्नपत्रिकेत आलं होतं, पण ते कस्तुराबाईंमुळे.)

"अवं, आयकलं का? चिन्यायनं माहा बैल चोरला!"

"आपल्याकडं बैल हाय कुठी?" कस्तुराबाई भाकर थापत म्हणाल्या.

"फोटो वं, फोटो! आन् खाली माहं नाव नाई!"

"अकोलेवाल्यायले तुमचं नाव ठाव नाई, चिन्यायले कुठून असन?"

हे फार लागलं. चीनला नोटीस द्यायची, आणि चिनीतच द्यायची, असं जगदेवरावांनी तिथंच ठरवलं. नागपूरच्या एका वकील मित्राकडून त्यांनी हाँगकाँगला छापलेला कायदेशीर शब्दांचा इंग्रजी-चिनी कोश आणला आणि घोकंपट्टी सुरू केली. लेखक म्हणजे 'च्वो-चे'. नुकसानभरपाई म्हणजे 'फेइ-छांग'. स्वामित्वहक्क म्हणजे 'पान-छ्वेन'. दाढी करतानाही हेच चाले. (दूधवाला एक दिवस दूध तसंच घेऊन परत गेला.)

कोशाच्या पहिल्याच पानावर आठ चिनी अक्षरं होती आणि खाली इंग्रजीत अर्थ : 'सर्व हक्क राखीव, नक्कल कराल तर खटला भरू.' नोटिशीची सुरुवात याच आठ अक्षरांनी करायची! पण एकेक अक्षर म्हणजे बाजेची वीण. लहान काढलं की गुंता होई. म्हणून दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सारवलेल्या अंगणात खडूनं आठही अक्षरं हातभर मोठी काढली आणि अकोल्याच्या गाडीत बातमीचं पाकीट द्यायला स्टँडवर गेले.

परत येऊन पाहतात तो अक्षरांत गुलाबी आणि पोपटी रांगोळी भरलेली, प्रत्येक अक्षराजवळ पणती, आणि कस्तुराबाईंच्या डोळ्यांत पाणी.

"इतक्या वर्सात पयल्यांदा माह्यासाठी काही काढलं तुमी."

मंत्र्याला भर सभेत आडवे प्रश्न विचारणारा हा माणूस! पण तोंडातून एवढंच निघालं, "आवडली ना?"

सकाळी गल्लीत येऊन पाहिलं तर दारोदार चीन. शेजारच्या प्रयागबाईंनी आठ अक्षरं दोनदा काढली होती. ललिताबाईंनी दोन्हीकडून मोर बसवले होते. रामीबाईंना एक अक्षर ओकंबोकं वाटलं, म्हणून त्यांनी त्यात कमळ घातलं होतं. 'नक्कल कराल तर खटला भरू' याची नक्कल थेट मारुतीच्या पारापर्यंत पोचली होती.

"कोणाले इचारून काढलं हे?" जगदेवराव कडाडले.

"भाऊजी, रांगोळी का सातबारा हाय, तुमाले इचारून काढाले?" प्रयागबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"हा हक्क माहा हाय! मी काढली पयले!"

"तं मंग कस्तुराबाईची नाई का ही?" ललिताबाईंनी विचारलं. "ते तं रात्रीपासून सांगून राह्यली, माह्यासाठी काढली म्हनून. आमच्या घरच्यायले तं साधा गोल जमत नाई!"

कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. नवं लुगडं, आणि चेहरा पणतीसारखा. जगदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि अख्खा खटला गिळून टाकला.

"तिचीच हाय," ते पुटपुटले. "मी नुसत्या रेघा मारल्या."

दिवाळीची सुट्टी संपताच संपादकांची तार आली. रिसोडात नव्या नमुन्याची रांगोळी निघाली म्हणतात, फोटोसह बातमी पाठवा. जगदेवरावांनी पाठवली. आणि बातमी आली की हो, पहिल्या पानावर, तीन कॉलम! 'नव्या रांगोळीच्या जनक सौ. कस्तुराबाई जगदेवराव बोडखे.' आणि खाली, 'आमच्या वार्ताहराकडून'.

कस्तुराबाईंनी जगदेवरावांचं बोट धरून वर छापलेल्या आपल्या नावावर ठेवलं.

"उगाच चीनपावतर चालले होते! आलं ना तुमचं नाव पेपरात? माह्याच मांगं हाय, पाहा."