पडद्यामागची परीक्षार्थी

"परीक्षेची व्यवस्था माझ्यावर सोडा. त्या खोलीत माशीसुद्धा शिरायची नाही," असं अक्कांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं आणि शब्द पाळलाही. माशी शिरली नाही. जे शिरलं त्याला डोकं नव्हतं.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. मास्तर शिंपी, अंगाने सडपातळ आणि बोलण्यात त्याहून. त्यांच्या वाटचं बोलायला अक्का समर्थ होत्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. कानाला यंत्र लावून त्यांनी उभ्या जगाचं बोलणं ऐकलं होतं, त्यामुळे दुसऱ्याचं संभाषण ऐकणं याला त्या आगाऊपणा न म्हणता अनुभव म्हणत. ऐकलेलं जसंच्या तसं पुढे पोचवायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा त्यांचा बाणा. निवृत्त झाल्या तरी सेवा चालूच होती. आता कानाला यंत्राऐवजी दार लागायचं, एवढाच काय तो फरक.

परीक्षा होती मास्तरांच्या मुलीची, टिल्लीची. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून टिल्ली. पुढे पोरगी दाराच्या चौकटीला लागेल इतकी वाढली, पण नाव बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तिला शिष्यवृत्तीसकट प्रवेश कबूल केला होता. अट एकच, इंग्रजीच्या परीक्षेत पुरेसे गुण हवेत. मुदत अगदी तोंडावर आली होती आणि त्याआधी परीक्षेची हीच एक वेळ मिळाली होती. ही हुकली की विद्यापीठ गेलं, शिष्यवृत्ती गेली, आणि टिल्लीचं तीन वर्षांचं रक्त आटवणंही गेलं.

परीक्षा घरातच, कॉम्प्युटरवर. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एक पर्यवेक्षक बाई बसणार आणि कॅमेऱ्यातून नजर ठेवणार. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, भिंतीवर एक अक्षर नको. दार मध्येच उघडलं तर परीक्षा रद्द. घरात दार लागणारी खोली एकच होती, मास्तरांची शिवणखोली. तिथे कापडाचे तागे, गिऱ्हाइकांचे अर्धवट कपडे, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं. हे सगळं हलवायचं तर आठवडा गेला असता. मास्तर म्हणाले, हलवत नाही, झाकतो. शिंप्याला दुसरं काय सुचणार? त्यांनी पांढऱ्या अस्तराचे पन्हे जोडून छतापासून जमिनीपर्यंत एक अखंड पडदा शिवला, शिवण शोधून सापडणार नाही असा. टिल्लीची खुर्ची पडद्याकडे पाठ करून ठेवली. अक्कांनी खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, आणि दाराबाहेर स्वतःसाठी स्टूल मांडलं.

एक गोष्ट अक्कांना गेला महिनाभर खात होती. मास्तर दुपारी शिवणखोलीचं दार आतून लावून घ्यायचे आणि आत कोणाशी तरी बोलायचे. मशीनचा आवाज नाही, कात्रीचा नाही, नुसतं हलक्या आवाजातलं बोलणं. "ताठ उभी राहा. खांदे पाडू नकोस," असं ते म्हणत. एकदा तर म्हणाले, "इतक्या लांब निघालीस, बटणं तरी नीट लावत जा." समोरून उत्तर कधीच यायचं नाही. अक्कांनी किल्लीच्या भोकाला डोळा लावला तेव्हा भाऊ कोणापुढे तरी गुडघे टेकून बसलेला दिसला. कोणापुढे, ते भोकात मावलं नाही. भावजयीला विचारावं तर ती घाबरट. म्हणून अक्कांनी ही गोष्ट मनातच ठेवली होती, म्हणजे शेजारच्या चार घरांखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

दुपारी परीक्षा सुरू झाली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराबाहेर अक्का स्टुलावर, त्यांच्या एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला भावजय. दोघांना इंग्रजी यथातथाच, त्यामुळे अक्कांनी आतलं ऐकायचं आणि कुजबुजत मराठीत सांगायचं असं ठरलं होतं. पर्यवेक्षक बाईंचा आवाज सपाट आणि गार होता. त्यांनी टिल्लीकडून कॅमेरा चहूकडे फिरवून घेतला, पडद्याचं एक टोक उचलायला लावलं, मागे तागे दिसल्यावर समाधान मानलं. खोली भट्टीसारखी तापली होती. टिल्लीने विचारून टेबलाशेजारचा उभा पंखा लावला. मग आत नुसती कळफलकाची टकटक सुरू झाली.

बराच वेळ सुरळीत गेला. भावजयीला डुलकी लागली. आणि मग त्या गार आवाजात दोन वाक्यं आली. अक्कांनी ती ऐकली, पण नेहमीसारखी लगेच सांगितली नाहीत.

"काय म्हणते?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणते, तुमच्या मागे कोणीतरी उभं आहे. त्यांना बाहेर जायला सांगा."

आत खुर्ची करकरली. टिल्ली वळून बघत असणार. मागे कोणी नाही, असं ती म्हणाली. बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, हो, आता नाही. पुन्हा टकटक सुरू झाली, पण पहिल्यापेक्षा सावकाश.

अक्कांनी कान दाराला अधिकच चिकटवला. आता त्यांना आणखी एक आवाज यायला लागला. पंख्याची घरघर, आणि तिच्यात मधूनमधून एक हलकासा टक. कोणीतरी एक पाऊल टाकावं आणि थांबावं, तसा. टक झाला की काही क्षणांनी बाई बोलायच्या. ती परत आली. टिल्ली वळायची. कोणी नाही. आता गेली. पुन्हा टक. तरी अक्का शब्दन् शब्द सांगत राहिल्या. ही सवयच तशी होती. एक्स्चेंज पेटलं असतं तरी त्यांनी कॉल जोडून दिला असता.

"बाई म्हणते, बाईमाणूस आहे. पडद्याच्या आत उभी आहे. उंची तुमच्याइतकीच. खांदेही तुमच्यासारखेच."

भावजय आता टक्क जागी होती. तिने अक्कांचा दंड धरला. मास्तरांच्या तोंडावरचं रक्त उतरलं, अगदी पडद्याच्या रंगावर गेलं. अक्कांनी ते पाहिलं आणि त्यांना महिनाभराची ती बंद दारामागची कुजबुज आठवली. ताठ उभी राहा. खांदे पाडू नकोस.

आत टिल्लीचा आवाज कापत होता. खोलीत मी एकटीच आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. पुन्हा टक झाला. यावेळी पर्यवेक्षक बाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज सपाट राहिला नव्हता.

अक्कांनी ऐकलं आणि कान दारापासून काढून घेतला.

"काय झालं? सांगा ना हो," भावजय रडकुंडीला आली.

"म्हणते, तिला डोकं नाही."

भावजयीने पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण किंचाळली असती तर परीक्षा रद्द. आईची माया म्हणतात ती अशी. आतून शेवटची ताकीद आली. ती व्यक्ती आणखी एकदा दिसली की परीक्षा थांबवण्यात येईल. दार उघडलं तरी थांबवण्यात येईल. म्हणजे आत राहिली तरी बुडालो आणि बाहेर काढायला गेलो तरी बुडालो. अक्कांना भुताची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त राग येत होता. इतकी वर्षं गप्प होतीस, बये, मग आजचाच मुहूर्त कसा सापडला?

मास्तर भिंतीला टेकले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून पुटपुटले, "अक्का, तिला मीच उभी केलीय तिथं."

"कोणाला?"

"टिल्लीला."

"अरे, टिल्ली खुर्चीत बसलीय."

"ती खरी. ही दुसरी."

अक्का स्टुलावरून पडल्या नाहीत याचं श्रेय स्टुलाला. भाऊ कसल्यातरी अघोरी नादाला लागला आणि पोटच्या पोरीची छाया बनवून बसला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, आत पंखा चालू आहे का, आणि फिरता आहे का. हा काय पंख्याची चौकशी करायचा वेळ आहे? अक्कांनी मान डोलावली. मास्तर अनवाणी उठले आणि बोळातल्या मीटरकडे धावले. शिवणखोली म्हणजेच त्यांचं दुकान; तिथला पंखा दुकानाच्या मीटरवर होता, कॉम्प्युटरची वायर मात्र घराच्या मीटरवरून ओढलेली. त्यांनी दुकानाचा फ्यूज उपटून हातात घेतला.

आतली घरघर मंदावत मंदावत थांबली. टक आला नाही. घरात इतकी शांतता पसरली की भावजयीच्या बांगड्या वाजतील म्हणून अक्कांनी तिचा हात दाबून धरला. पर्यवेक्षक बाई बघत होत्या. बघतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ती गेली. मग जरा दबल्या आवाजात, तुम्ही ठीक आहात ना, असंही विचारलं, आणि परीक्षा पुढे चालू ठेवली.

मग मास्तरांनी फ्यूज मुठीत धरून, कुजबुजत सगळं सांगितलं. इतकं लांब ते त्यापूर्वी कधी बोलले नव्हते. टिल्ली एकदा म्हणाली होती, कपडे काय, तिकडे तयार मिळतात. सहज म्हणाली होती, पण मास्तरांना ते लागलं. जन्मापासून पोरीच्या अंगावर दुसऱ्या कोणाच्या हातचा टाका गेला नव्हता. अमेरिकेच्या थंडीत तिने कोणा परक्याच्या मापाचा कोट घालायचा? त्यांनी बंद पडलेल्या एका दुकानातून बिनडोक्याचा पुतळा आणला, कापूस बांधून बांधून टिल्लीच्या अंगाचा केला, आणि त्याच्यावर चोरून कोट शिवायला घेतला. माप विचारायची सोय नव्हती. ती जेवायला बसली की डोळ्यांनी घ्यायचे. कोट पुरा झाला नव्हता, म्हणून पुतळा पडद्याच्या दुसऱ्या टोकाला लपवला होता. फिरता पंखा टक करून मान वळवायचा आणि तिकडे गेला की पडदा पुतळ्याला चिकटायचा, आणि परत फिरला की सुटायचा.

"मग त्याच्याशी बोलायचास कशाला?" अक्कांनी विचारलं.

"ती गेल्यावर बोलायला होणार नाही," मास्तर म्हणाले. "म्हणून आधीच बोलून घेत होतो."

अक्कांनी पुन्हा कान दाराला लावला. भावजय पदराने डोळे पुसत होती. आत परीक्षेचा शेवटचा भाग सुरू झाला होता, तोंडी बोलण्याचा. कॉम्प्युटरने प्रश्न विचारला, तुम्हाला जिथे शिकायला जायचं आहे त्या जागेचं वर्णन करा. टिल्लीचा आवाज आता ठाम होता. भिऊन दमलेलं माणूस मोकळं बोलतं, तशी ती घडाघडा बोलायला लागली. अक्का एकेक वाक्य बाहेर देत होत्या. म्हणते, विद्यापीठाचं ग्रंथालय मोठं आहे. म्हणते, शिक्षक नावाजलेले आहेत. म्हणते...

अक्का थांबल्या.

टिल्ली सांगत होती की ते गाव वाळवंटात आहे. तिथे हिवाळा असा नसतोच. बारा महिने ऊन, उन्हाळ्यात तर चपलेतून पाय भाजतात. मला त्याचं काही वाटत नाही, ती म्हणाली. उलट सामान कमी लागेल, गरम कपडे तर मुळीच लागणार नाहीत.

घरात कोणाला हे माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. अमेरिका म्हणजे बर्फ, यात विचारण्यासारखं काय होतं?

"काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं. फ्यूज अजून त्यांच्या मुठीत होता.

अक्कांच्या कानावरून जन्मात लाखो वाक्यं गेली होती. लग्न मोडल्याची, माणूस गेल्याची, नोकरी सुटल्याची. एकही त्यांनी बदललं नव्हतं.

"म्हणते, फार थंडी असते तिथं," अक्का म्हणाल्या. "हाडं गोठतात म्हणे."

मास्तरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून भावजयही हसली.

परीक्षा संपली. गुण पुढे यथावकाश आले आणि पुरून उरले, पण त्या दुपारी ते कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. टिल्ली बाहेर आली ती घामाने निथळत आणि आधी आईच्या गळ्यात पडली. मास्तर आत गेले आणि पडदा बाजूला केला. सगळं कळलेलं असूनसुद्धा अक्कांनी भावजयीचा दंड धरला. गडद निळ्या लोकरी कोटातली, कॉलर वर केलेली, बिनडोक्याची टिल्ली पाठमोरी उभी होती.

खरी टिल्ली तिच्याकडे बघतच राहिली. "हा कोणाचा?"

"तुझाच," मास्तर म्हणाले. "थंडीसाठी."

टिल्लीने तोंड उघडलं. अक्कांनी मास्तरांच्या पाठीमागून डोळे इतके वटारले की ते खाली पडायचे बाकी होते. टिल्ली त्यांच्याकडे पाहून थबकली. एकदा बाबांकडे, एकदा कोटाकडे पाहिलं. मग तिने पुतळ्याच्या अंगातून कोट काढला, त्या भट्टीत अंगात चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. कोट असा बसला, की जणू त्यातच ती वाढली होती.

"बरं झालं, बाबा," ती म्हणाली. कपाळावरून घामाची धार नाकावर आली होती, आणि सगळीच ती घामाची नव्हती. "तिथं मला हीच काळजी होती."

मास्तर तिच्याभोवती एक फेरी मारून आले. खांदा दाबून पाहिला, बाही ओढून पाहिली. मग दोन पावलं मागे सरले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाय उघडेच राहतात की," ते म्हणाले. "आतून अस्तर लावून एक लोकरी पँट शिवायला हवी."

टिल्लीने कोटाच्या आतून अक्कांकडे केविलवाणं पाहिलं. अक्कांनी तिची नजर चुकवली आणि भावाच्या गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात दिली.

"एकीनं काय होतंय?" अक्का म्हणाल्या. "दोन शिव."