हॉलमधला बांध

पावसाळ्यात गेनूभाऊ आमच्या हॉलमधून सरळ चालत नाहीत. पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत दहा पावलं आहेत. कुणीही माणूस नाकासमोर जाईल. गेनूभाऊ दारातून आत आले की आधी डावीकडे सरकतात, मग सोफ्याच्या पाठीमागून एकापुढे एक पाऊल टाकत जातात, पुस्तकांच्या कपाटाशी वळतात, आणि हातात चहाचा रिकामा ट्रे असेल तर तो जरा वर उचलून धरत स्वयंपाकघराच्या दाराशी खाली उतरतात. 'उतरतात' हा शब्द मी विचार करून वापरला आहे. फरशी सपाट आहे, पण गेनूभाऊ तिथे वीतभर उंचीवरून उतरल्यासारखे उतरतात.

हे आषाढापासून दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर एक दिवस ते खुशाल हॉलच्या मधून चालत येतात, ते पुढच्या आषाढापर्यंत.

पहिल्या वर्षी मला वाटलं, पावसाळ्यात गुडघे धरत असतील. विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"उभ्या भातातनं कोन जातं व्हय, सर?"

आणि कार्तिकात विचारलं तेव्हा म्हणाले, "आता काय, कापनी झाली. मोकळंच हाय."

औंढ्यातलं आमचं घर गेनूभाऊंच्या भातखाचरांवर उभं आहे. त्यांच्याकडून ती जमीन एका बिल्डरने घेतली, बिल्डरकडून बंगला मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतला आणि त्यांचं हौसेचं वय संपल्यावर तो मी घेतला. घराबरोबर पाण्याची टाकी, दोन पंखे आणि गेनूभाऊ आले. "बाग बघतो, घर बघतो, विश्वासू आहे," असं जुन्या मालकांनी सांगितलं होतं. हा माणूस याच जमिनीवर जन्मला आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. बहुधा त्यांना माहीतही नसावं.

गेनूभाऊंच्या लेखी आमच्या घरात खोल्या नाहीतच. हॉलचा अर्धा भाग 'थोरलं खाचर', उरलेला अर्धा आणि झोपण्याची खोली 'धाकलं', स्वयंपाकघर 'चिंचंखालचं'. "पावनं थोरल्यात बसवल्यात," असा निरोप आला की मी चपला घालून बाहेर जायचो. पाहुणे आत सोफ्यावर असायचे. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली, तेव्हा तीन कारागिरांनी तीन तऱ्हेचे लेप लावले. गेनूभाऊ प्रत्येकाला एकच सांगत, "हितं झरा व्हता. त्याला कुनी सांगितलंच न्हाई आपन गेलो म्हनून." ओल अजून आहे.

मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. मोठमोठ्या लोकांनी बांधलेल्या मोठमोठ्या इमारतींवर तिरकस बोलणं हा माझ्या पोटापाण्याचा व्यवसाय होता. आमच्या कॉलनीत त्यासाठी सामग्रीही उदंड आहे. शेजारच्या बंगल्याला ग्रीक खांब आहेत, पलीकडच्याला राजस्थानी झरोके, आणि कोपऱ्यावरचा 'सनसेट व्हिला' पूर्वेकडे तोंड करून उभा आहे. मी या सगळ्यांना हसत असे. त्यामुळे मी स्वतः काय करतो आहे, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला.

मी गेनूभाऊंना दाखवत असे.

पुण्याहून मंडळी आली की चहा मागवायचा आणि पाहुण्यांना डोळ्यांनी खुणावायचं. चहा देऊन झाला की गेनूभाऊ रिकामा ट्रे घेऊन सोफ्यामागून जात, वळत, शेवटी उतरत. ते आत गेले की मी बांधाची गोष्ट रंगवून सांगायचो. लोक हसत, मग हळहळत, मग आणखी एक भजी घेत. आमच्या सौ. एकदा म्हणाल्या, "तिकीट लावा आता. पुढच्या रांगेचं जास्त घ्या." मला तेव्हा ते फार बोचलं नाही. बायकोचं बोलणं विनोदाच्या खात्यात टाकायची सवय असते.

दोन वर्षांपूर्वी घराचं नूतनीकरण काढलं. माझ्या बहिणीचा मुलगा अद्वैत आर्किटेक्ट आहे. त्याने घरभर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मामा, या घराला जागेची स्मृतीच नाही." ही स्मृती आणण्यासाठी मधल्या दोन भिंती पाडाव्या लागणार होत्या, फरशा उखडून घोटलेल्या सिमेंटची जमीन करावी लागणार होती आणि लोहगडाकडे तोंड करून भिंतभर काच लावावी लागणार होती. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी त्यावर लेख लिहिला असता. भाच्याने सांगितलं म्हणून होकार दिला.

त्याला गेनूभाऊंच्या बांधाची गोष्ट मीच सांगितली. तो खुर्चीतून उठलाच. "मामा, हेच! हा बांध आपण जमिनीत पितळी पट्टीने दाखवायचा. घर मातीशी बोलायला लागेल." मग त्याने गेनूभाऊंना बोलावून बांध नेमका कुठून जात होता, ते खडूने आखून द्यायला सांगितलं.

गेनूभाऊंनी खडू घेतला नाही.

"बांद एकट्यानं दावायचा नसतो," ते म्हणाले. "दोन्ही अंगाचा मानूस लागतो. न्हाईतर त्यो बांद लबाडीचा."

"पण काका, पलीकडे कोण आहे आता?"

"नामा हाय. माजा धाकला भाऊ. धाकलं खाचर त्याचं."

नऊ वर्षांत मी या नामाचं नाव ऐकलं नव्हतं. आता ऐकलं. वाटणी झाल्यावर दोघा भावांत या बांधावरून भांडण लागलं होतं. बांध वीतभर इकडचा की तिकडचा, एवढाच प्रश्न. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडल्या. तारखेला दोघे एकाच एसटीने जात. एक ड्रायव्हरमागे बसे, दुसरा शेवटच्या बाकावर. शेवटी कंटाळून दोघांनी जमीन विकली. बिल्डरच्या यंत्राने तो बांध चहा निवायच्या आत सपाट केला. अबोला मात्र तसाच राहिला. नामा आंबीला गेला, एका कारखान्याच्या गेटवर लागला आणि परत औंढ्यात आला नाही.

"मी जातो आंबीला," गेनूभाऊ म्हणाले. "सरांनी बांद दावायला बोलावलंय म्हंतो. माज्यासाटी न्हाई यायचा त्यो, पर तुमच्या नावावर यील."

मी म्हणालो, "जरूर बोलवा." असं म्हणायला काही लागत नाही.

गेनूभाऊ जाऊन आले ते वेगळेच दिसत होते. "यतो म्हनला, सर! दारात हुबा राहूनच बोलला, पर बोलला. म्होरल्या म्हैन्याचा पयला आयतवार. सुट्टी हाय त्याला." त्या दिवशी त्यांनी बागेतल्या कुंड्या दोनदा धुतल्या.

दुसऱ्याच दिवशी अद्वैतचा फोन आला. जमीनवाले कारागीर उद्या मोकळे आहेत, नाहीतर मग दिवाळीनंतर. मी विचार केला. विचार केला म्हणजे खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणालो, "ये."

अद्वैतने सुतळी ताणली. खऱ्या बांधाला मध्ये एक बाक होता, हे मला गेनूभाऊंच्या चालण्यावरून पाठ होतं. तो बाक त्याला आवडला नाही. शिवाय रेघ दीड हात सरकवली की ती बरोबर काचेच्या मध्यावर, लोहगडाच्या खाली येत होती. "दीड हाताने कुणाला काय फरक पडतो, मामा?" वीतभरासाठी दोन भाऊ वर्षानुवर्षं बोलले नाहीत, हे मी त्याच आठवड्यात ऐकलेलं होतं. मी म्हणालो, "नाही पडत."

पट्टी बसली. ती नामाच्या खाचरात दीड हात शिरली होती.

गेनूभाऊंनी विचारलं, "आत काय चाललंय?" मी म्हणालो, "खालचं काम आहे. बांध तुम्ही दोघे आल्यावरच." जमिनीवर ओली पोती घातली होती आणि आत जायला मनाई होती, त्यामुळे खोटं बोलणं सोपं गेलं. खरं सांगू, सांगू म्हणत तो पहिला रविवार आला. आणि त्याच रविवारी अद्वैतने आपले दहाबारा मित्र आणि एक फोटोग्राफर घर बघायला आणले.

अकराच्या सुमाराला दोघे भाऊ पुढच्या दारात उभे राहिले. दोघांच्या डोक्यावर धुतलेल्या टोप्या. गेनूभाऊंची दाढी ताजी केलेली, गालावर कापल्याची खूण. नामाच्या हातात पिशवी आणि पिशवीत नारळ. बांध दाखवायचा तर नारळ फोडावा लागतो. दोघांच्या चेहऱ्यावर एकच नाक होतं.

त्यांनी पट्टी पाहिली. ती न दिसण्यासारखी नव्हतीच. तिच्या चारी बाजूंनी लोक वाकून फोटो काढत होते.

मी पुढे होऊन काही बोलणार, एवढ्यात अद्वैत ओरडला, "गेनूकाका! अगदी वेळेवर! एकदा चालून दाखवा ना यांना. ट्रे घेऊन. ट्रे हवा, त्याशिवाय मजा नाही."

गेनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्याजवळचा ट्रे रिकामा होता. मी तो त्यांच्या हातात दिला. म्हणालो, "एकदाच, गेनूभाऊ."

ते निघाले. पायाच्या सवयीने खऱ्या बांधावरून निघाले, पट्टीपासून दीड हात अलीकडून, मधला बाक घेऊन.

"काका, पट्टीवरून! पट्टीवरून!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. वाईट हेतूने नाही. मी ज्या हेतूने नऊ वर्षं हसत होतो, त्याच हेतूने.

गेनूभाऊ थांबले. त्यांनी भावाकडे पाहिलं. मग बाजूला सरकून पट्टीवर पाय ठेवला आणि शेवटपर्यंत चालत गेले. टाळ्या पडल्या. मी मागे वळून पाहिलं, तर चपलांच्या मांडणीवर नारळ ठेवलेला होता आणि दारात कुणी नव्हतं.

गेनूभाऊ दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, पाणी घातलं, काच पुसली. तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "त्याला वाटलं आसंल, पट्टी मीच सांगितली. आजून बी मी त्याचंच खातोय."

"मी जाऊन सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"तुमी जाताय? खरं?" त्यांनी इतक्या आनंदाने विचारलं, की मला त्याच वेळी निघून जावंसं वाटलं. बुधवारी मी खरोखर गेलो.

नामा एका खोलीत एकटे राहतात. दोरीवर गणवेशाचा शर्ट वाळत होता. त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्टोव्ह पेटवला, कोरा चहा केला. मी येताना गाडीत तयार केलेलं भाषण केलं: चूक सर्वस्वी आमची, गेनूभाऊंनी एक शब्दही सांगितला नाही, पट्टी आमच्या हौसेची.

"ठावं हाय," नामा म्हणाले. "दादा बांद चुकायचा न्हाई. कोर्टात बी त्योच खरं बोलत व्हता. मला बी त्ये ठावं व्हतं."

"मग निघून का गेलात?"

त्यांनी आधी मला चहा संपवू दिला.

"ज्या रानात आमचा आबा दादाला इचारल्याबिगर नांगर घालत नव्हता, तितं त्याच्या हातात ट्रे दिला तुमी. आन लोकं हसत व्हती. मी हुबा राहून काय करू? मी बी हसू व्हय?"

पितळी पट्टी उखडून टाकण्याचं आश्वासन माझ्या खिशात तयार होतं. ते तसंच राहिलं.

उठताना नामा म्हणाले, "दादाला ह्ये सांगू नगा. तुमी त्याला लय मानता, आसं सांगत असतो त्यो."

संध्याकाळी गेनूभाऊ फाटकाशीच उभे होते.

"भेटला?"

"भेटले. मी सगळं नीट सांगितलं. राग नाही त्यांचा."

"काय म्हनला?"

"हेच. राग नाही म्हणाले."

"बरा हाय ना? चा दिला का तुमाला?"

"दिला की."

"दुदाचा?"

म्हातारा माणूस भावाचं बरं चाललंय का, ते विचारतो आहे, असं मला वाटलं. निदान एवढी तरी चांगली बातमी द्यावी म्हणून म्हणालो, "हो, हो. चांगला दुधाचा. आलं घालून."

गेनूभाऊ मान हलवायचे थांबले.

"त्याला दूद चालत न्हाई, सर. ल्हानपनापास्नं. वासानं सुदिक वकतो. घरात दूद यिऊ देत न्हाई, पावन्याला बी कोराच देतो."

खाट, स्टोव्ह, दोरीवरचा शर्ट, सगळं सांगता आलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तो नेमकं काय म्हणाला.

गेनूभाऊंनी फाटकाची कडी नीट लावली. मग माझी अडचण त्यांनीच सोडवली.

"आसू द्या, सर," ते म्हणाले. "आंबी लांबच पडतं तुमाला."