अण्णांच्या अँबॅसिडरचं कंपनी फिटिंग

एस.टी.च्या कंडक्टरकडे इंजिनासाठी ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी व्यंकटअण्णा. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या गाडीत चौघांनी मिळून त्यांच्या अँबॅसिडरच्या इंजिनाचं धड चढवलं होतं आणि त्या चौघांत दुर्दैवानं मीही होतो. कंडक्टर म्हणाला, लगेज लागेल. अण्णा शांतपणे म्हणाले, "लगेज काहून? माझ्या बरोबरीचं हाय ते. माझं अर्धं, तर त्याचंबी अर्धं." कंडक्टरनं अण्णांकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं आणि लगेजचंच तिकीट फाडलं. लातूर येईपर्यंत अण्णा त्याच्याशी बोलले नाहीत.

दुरुस्तीआधी लातूरच्या मिस्तरीनं एक प्रश्न विचारला आणि आमच्या गल्लीची शांतता गेली. "अण्णा, कंपनी फिटिंग ठेवू का जरा वाढवू?" वाढवायचं म्हणजे पिस्टन थोडे मोठे, कार्बोरेटर नवा, सायलेन्सर मोकळा. गाडी बाहेरून तीच, पण चढाला दम लागणार नाही. अण्णा म्हणाले, "सांगतो." इंजिन तिथंच ठेवून आम्ही परत आलो.

"घाई न्हाई, पण तुमचं मत काय?" हे वाक्य त्यानंतर गल्लीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं ऐकलं. दूधवाला कंपनी फिटिंगचा निघाला, गॅसवाला वाढवायच्या बाजूचा. देगलूरहून लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यांना अण्णांनी मत घेतल्याशिवाय चहा दिला नाही. मी कट्टर वाढवायच्या पक्षात होतो आणि त्याला कारण होतं. माहूरच्या घाटात ही गाडी दर खेपेला वाफ सोडायची. रेणुकामातेचा गड ती चढली म्हणण्यापेक्षा आम्ही तिला चढवलं म्हणावं.

मिस्तरीचा फोन आला की अण्णा एवढंच विचारायचे, "आवाज बदलंल का?"

"बदलंल की! असा भारी यील, लोकं वळून बघतील."

अण्णा फोन ठेवून द्यायचे.

एवढा चेंगटपणा मला सोसत नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात जाऊन स्पष्टच विचारलं, "अण्णा, गाडी चालवायचीय का ऐकायचीय?"

अण्णा शेंगा फोडत बसले होते. ते काही बोलायच्या आत काकू बाहेर आल्या. "बसा की सर," त्या मला म्हणाल्या, "हे येतीलच आता. कचेरी सुटली आसंल." मग अण्णांकडे पाहून त्यांनी मला हळूच विचारलं, "हे पाव्हणे कुठले?"

काकूंना विसर पडतो हे गल्लीला माहीत होतं. इतका पडतो हे मला माहीत नव्हतं.

त्या आत गेल्या. अण्णा शेंगांकडे पाहतच म्हणाले, "मला वळखत न्हाई ती, सर. गाडीला वळखती. आवाज आला की दारात येती. मग गाडीतून जो उतरंल तो तिचा नवरा. म्हणून रोज सांजच्याला एक चक्कर मारून घरी येत होतो मी." एक शेंग त्यांनी उगाच हातात फिरवली. "आता माहूरला जायचं म्हणून लई मागं लागली हाय. भर उन्हात घाटात उतरवून कसं थांबवू तिला? वाढवलं तर माहूर घडंल. पण आवाज बदलला तर मी घरी कसा येऊ?"

मी म्हणालो, "माहूरला माझ्या गाडीत जाऊ की."

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. अख्ख्या गल्लीची मतं घेऊन झाली होती, पण हे कुणालाच सुचलं नव्हतं, अण्णांना तर नाहीच. "जमंल?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी तिथंच मिस्तरीला फोन लावला. "कंपनी फिटिंग. आन् सायलेन्सरला हात लावू नको."

इंजिन टेंपोतून परत आलं आणि गाडीत बसलं. गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली त्या संध्याकाळी काकू ओसरीवर मेथी निवडत होत्या. मी मुद्दाम जाऊन शेजारी बसलो होतो. खरं सांगतो, देवळात मी इतका मनापासून कधी बसलो नाही.

गल्लीच्या तोंडाशी ती जुनी घरघर ऐकू आली. काकूंचा हात मेथीवर थांबला. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि जाऊन फाटक उघडलं.

अण्णा गाडीतून उतरले. इस्त्रीचा सदरा, काखेत कचेरीची पिशवी.

"आलाव का?" काकू म्हणाल्या. "लई येळ लावला."

"हाव," अण्णा म्हणाले, "जरा काम निघालं होतं."

काकूंनी त्यांच्याकडून पिशवी घेतली आणि चहा टाकते म्हणत त्या आत गेल्या. अण्णा माझ्याकडे पाठ करून फाटक लावू लागले. एवढंसं फाटक, पण त्यांना ते बराच वेळ लागेना.