मोठा कॅमेरा, छोटा कॅमेरा आणि माझं मनगट

‘एक कॅमेरा घेऊ या,’ एवढंच मी म्हणालो होतो. घर विकू या म्हणालो नव्हतो, नोकरी सोडतो म्हणालो नव्हतो. तरीही गेला महिनाभर या घरात माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं जातंय, ती बघता माझी बाजू कुणीतरी ऐकून घेणं भाग आहे. (बायकोला सांगून पाहिलं. ती मधेच इस्त्रीचे कपडे काढायला उठून गेली, ती परत आलीच नाही.)

कॅमेरा हवा होता आईसाठी. माझी आई नर्स. छत्तीस वर्षं एकाच इस्पितळात, त्यातली शेवटची एकोणीस हाडांच्या वॉर्डात मोठी सिस्टर. महिनाअखेरीस ती निवृत्त होणार होती आणि आमच्या एकदम लक्षात आलं की घरात तिचा गणवेशातला एकही फोटो नाही. म्हणजे एक आहे, ओळखपत्रावरचा. पण तो पाहून कुठलाही पोलीस तिला आधी ताब्यात घेईल आणि मग चौकशी करेल. कॅमेरा दिसला की आई एकतर डोळे मिटते, नाहीतर ‘दूध उतू गेलं वाटतं’ म्हणून पळते. शनिवारी चार वाजता वॉर्डातच निरोप समारंभ होता. पाच वाजता ड्युटी संपली की गणवेश कायमचा उतरणार. म्हणजे आमच्या हातात होता बरोबर एक तास.

दुकानदाराने काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक काळाभोर, भारदस्त, पुढे हे एवढं नळकांडं. दुसरा साबणाच्या वडीएवढा, चंदेरी.

“हा बरा,” बायकोने वडी उचलली. “पर्समध्ये मावतो.”

“अगं, कॅमेरा काय मावण्यासाठी घेतात?”

“मग कशासाठी घेतात?”

“फोटोसाठी!”

“हा फोटो काढत नाही का हो?” तिने दुकानदारालाच विचारलं.

“काढतो ना, वहिनी. बटण दाबलं की झालं.”

“आणि तो?”

“त्याचं आधी पुस्तक वाचावं लागतं,” असं म्हणून त्याने दोनशे बारा पानांचं पुस्तक काउंटरवर ठेवलं. धप्प आवाज झाला.

“आमचे हे घड्याळाचा गजर लावतानाही पुस्तक वाचतात,” बायको म्हणाली. “वाचून झालं की गजर मी लावते.”

आता मला सांगा, हे परक्या माणसासमोर बोलायची गरज होती का? दुकानदार हसला. त्याचा नोकर हसला. चार्जर बदलून घ्यायला आलेल्या एक आजीबाईसुद्धा हसल्या. त्या क्षणी मी मोठा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. (त्यात काय काय आहे, ते मी विचारलंही नाही. स्वाभिमानाच्या प्रश्नात तपशिलाला महत्त्व नसतं.) खोकं बगलेत मारून मी ताडताड बाहेर पडलो. बायको ‘पावतीवर शिक्का मारून घेते’ म्हणून मागे राहिली. शिक्का मारायला तब्बल दहा मिनिटं लागली. मी मात्र पट्टा गळ्यात घालावा की खांद्यावर, या विचारात फूटपाथवर उभा.

पुढचे आठ दिवस मी ते पुस्तक वाचलं. बसमध्ये वाचलं, जेवताना वाचलं, ऑफिसात आवक-जावक रजिस्टरच्या आड धरून वाचलं. कॅमेऱ्यावर एकूण चौदा बटणं होती आणि प्रत्येक बटणाचं काम दुसरं कुठलं तरी बटण दाबलं की बदलत होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात. त्यांना फोटोग्राफीतलं फार कळतं असं ते स्वतःच सांगतात. आम्ही त्यांना ‘अँगल’ म्हणतो.

“ऑटोवर काढणार असशील, तर उद्यापासून मला ओळख दाखवू नकोस,” अँगल म्हणाले.

“मग?”

“एमवर ठेवायचं. एम म्हणजे मॅन्युअल. सगळं आपल्या हातात. मागचं सगळं धूसर, माणूस तेवढा धारदार. आणि अँगल? कायम वरचा.”

मी तीन गोष्टी लिहून घेतल्या: एम, धूसर, वरचा. एवढ्या भांडवलावर मी शनिवारी बायकोसह वॉर्डात दाखल झालो.

दोन्हीकडे खाटा. कुणाचा पाय वजनाला टांगलेला, कुणाचा हात फळीला बांधलेला, आणि एकूण एक पेशंट मान वळवून दाराकडे बघत असलेले. मधल्या मोकळ्या जागेत टेबल, त्यावर केक, फुलांचा गुच्छ आणि आईला द्यायचं मनगटी घड्याळ. मेट्रनबाई होत्या, हाडांचे मोठे डॉक्टर होते, पंधरा-वीस नर्सा होत्या. आई गणवेशात, मान खाली घालून, दाराचा अंदाज घेत उभी होती. मी कॅमेरा डोळ्याला लावून पुढे सरसावलो.

“फोटोग्राफर, जरा बाजूला व्हा,” मेट्रनबाई म्हणाल्या. “नातेवाइकांना पुढे येऊ द्या.”

“मीच नातेवाईक आहे!”

“असू द्या. पण बाजूला व्हा.”

झालो बाजूला. काय करणार? तेवढ्यात एका नर्सने मला चहाचा कप देत ‘जाताना बिल ऑफिसात द्या हं’ असंही सांगितलं. मी अपमान गिळला, चहा गिळला आणि कामाला लागलो. फटाफट साठेक फोटो काढले. मागच्या छोट्या पडद्यावर ते झकास दिसत होते. म्हणजे लहान दिसत होते. पण झकास.

मग मोठे डॉक्टर बोलायला उठले आणि नेमके आईच्या पुढ्यात उभे राहिले. सहा फूट उंच माणूस, त्याच्या खांद्याआड आईची फक्त टोपी दिसायला लागली. घड्याळ तर आता द्यायचं होतं. मला अँगल आठवले. वरचा! कोपऱ्यात ड्रेसिंगचं स्टूल होतं. मी ते ओढलं (सहज आलं, इथेच मी थांबायला हवं होतं) आणि वर चढलो.

आईचं लक्ष गेलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच ती स्वतःहून थेट कॅमेऱ्याकडे बघत होती! तोंड उघडून, हात वर करून!

“अरे, चाकं!” आई म्हणाली.

“आई, बोलू नकोस, फोटो हलतो!”

“फोटो नाही, तू हलतोयस! त्याला चाकं आहेत!”

“एक मिनिट, एम लावलेला आहे—”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. स्टूल डावीकडे गेलं. मी काही काळ जागच्या जागी राहिलो. कॅमेरा हवेत उडाला आणि नऊ नंबरच्या खाटेकडे गेला. तिथे एक ट्रक ड्रायव्हर दोन्ही पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. कॅमेरा त्याच्या गुडघ्यावर आपटला आणि त्याने तो अलगद झेलला. मला झेलायला कुणीच नव्हतं.

 मग हास्याचा जो स्फोट झाला, तो सांगता येणार नाही. वजनाला टांगलेले पाय गदगदा हलत होते. बरगडी मोडलेले एक आजोबा ‘हसवू नका हो, दुखतंय’ म्हणून डोळे पुसत होते. मेट्रनबाई ‘हसायचं नाही!’ असं ओरडल्या आणि स्वतःच खुर्चीला धरून खाली बसल्या. कॅमेरा फुटला का, याची नऊ जणांनी चौकशी केली. मी मोजले. माझी कुणीही नाही.

आई सोडून.

तिने हातातला गुच्छ मोठ्या डॉक्टरांच्या हातात कोंबला. “धरा हो जरा.” आणि ती तीन ढांगांत माझ्याजवळ येऊन फरशीवर बसली.

“बोटं हलव.”

“आई, एवढ्या लोकांत—”

“पेशंटने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. हलव. इथे दुखतं? इथे?”

“आई गं!”

“मोडलेलं नाही, मुरगळलंय. चार इंची बँडेज आणा गं कुणीतरी. आणि डॉक्टर, त्या गुच्छाबरोबर ही कात्रीही धरा.”

मोठे डॉक्टर निमूटपणे एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातात कात्री धरून उभे राहिले.  मी आईकडे बघत होतो. लहानपणापासून मी तिला ड्युटीवर जाताना पाहिलं होतं आणि परत आल्यावर पाय चेपत बसलेलं पाहिलं होतं. मधली आई मला कधी दिसलीच नव्हती. तिची बोटं भराभर फिरत होती, बँडेजचा एकेक वेढा मागच्या वेढ्यावर नेमका अर्धा बसत होता. तिला आजूबाजूचं भान नव्हतं. गाठ मारून झाल्यावर तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

“छत्तीस वर्षांतला शेवटचा पेशंट,” ती म्हणाली, “आणि तोही घरचाच निघाला.”

तेवढ्यात माझ्या डोक्यावर ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला. वर पाहिलं, तर बायको. हातात साबणाची चंदेरी वडी.

“हे कुठून आलं?”

“पावतीवरचा शिक्का,” बायको म्हणाली आणि तिने ती वडी पर्समध्ये ठेवून दिली. मावली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. माझे त्रेसष्ट होते. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटोंत आईच्या जागी पांढरं धुकं होतं आणि मागच्या भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी इतकी धारदार आली होती, की रंगाचे ओघळ मोजता यावेत. मी चिडून म्हणालो, “लेन्सची ताकद तरी बघा!” कुणीच बघितली नाही. सगळे बायकोचा एकुलता एक फोटो बघत होते.

आई तर पाच मिनिटं बघत राहिली.

“काम करताना मी अशी दिसते होय?” ती हळूच म्हणाली. नंतर पदराने चष्मा पुसून तिने पुन्हा पाहिलं. मी लेन्सचा विषय पुन्हा काढला नाही. तेवढं मलाही कळतं.

तो फोटो आता मोठा करून हॉलमध्ये लावलाय. त्यात आई आहे, बँडेज आहे, गुच्छवाले डॉक्टर आहेत, आणि खालच्या कोपऱ्यात तोंड वासलेला मी आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, “सिस्टर, हा रडणारा पेशंट कोण हो?”

“पेशंटची नावं आम्ही बाहेर सांगत नाही,” आई गंभीरपणे म्हणते.

मी हेही सहन केलं असतं. पण काल मेट्रनबाईंचा फोन आला. पुढच्या महिन्यात मोठे डॉक्टर निवृत्त होताहेत, समारंभ त्याच वॉर्डात आहे, आणि तुम्ही यायलाच हवं असा पेशंटांचाही आग्रह आहे. माझी छाती भरून आली. एक फोटो चुकला म्हणून कलावंत संपत नाही, हे जाणणारी माणसं जगात आहेत तर!

“अवश्य येतो,” मी म्हणालो. “हातही आता बरा आहे. मोठाच कॅमेरा घेऊन येतो.”

“छे छे, कॅमेरा वहिनी आणतायत, त्यांच्याशी बोलणं झालंय,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त या. स्टुलाच्या चाकांना आम्ही तेल घालून ठेवलंय.”