लेवुकात कप्तानाला कुणी मारलं?

अकेनेताबाईंच्या कादंबरीची खोकी घेऊन येणारी बोट वाऱ्यामुळे सुवा बंदरातच अडकली, आणि अख्ख्या लेवुका गावात पुस्तकाची एकच प्रत उरली. छापखान्याने टपालाने आधी पाठवलेली. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये प्रकाशन होतं, आणि त्याआधी पुस्तक वाचायची सगळ्यांनाच घाई. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बंदरात बुडालेला गोरा कप्तान, दर पौर्णिमेला रस्त्यावर उमटणारी त्याची ओली पावलं, आणि त्याचा खुनी कोण हे कोडं! जुनी कागदपत्रं तीन वर्षं चाळून बाईंनी ते रचलं होतं.

बुधवारी सकाळी बाईंच्या ओट्यावर त्या प्रतीची ओढाताण सुरू झाली.

"वहिनी माझी, पुस्तक आधी माझं!" नणंद वासिती ओरडली.

"आणि ओट्यावर पहिला आलो मी, त्याचं काय?" शिवनाथ शिंप्याने दुसरं टोक धरलं.

वासिती अंगाने दांडगी. तिने पुस्तक गुडघ्यावर आपटलं आणि शिवणीतून त्याचे सरळ तीन तुकडे केले. बाईंच्या काळजाचेही तेवढेच झाले. पहिला तुकडा तिने स्वतः ठेवला, मधला शिवनाथला दिला, आणि शेवटचा टपाल कचेरीतल्या जोएलीच्या हातात कोंबला. जोएली बाईंचाच जुना विद्यार्थी. नुसता पत्र द्यायला आला होता.

दुपारपर्यंत गावाला कादंबरीने झपाटलं. वासितीच्या स्वयंपाकघरात कसावाचे कंद करपले. शिवनाथने एका पँटला तीन खिसे एकाच बाजूला लावले. बाई रस्त्याने निघाल्या की खिडक्यांतून हाका येत. त्या अशा हरखल्या, की फाटलेल्या पुस्तकाचं दुःखही विसरल्या.

पण खरा भाव वधारला जोएलीचा. शेवट त्याच्याकडे! कुणी तळलेली मासळी नेई, कुणी यंगोना पेयाची वाटी पुढे करी. "सांग ना रे, खुनी डॉक्टरच ना?"

जोएली वाटी रिकामी करून म्हणे, "डॉक्टर? छे! कप्तानाच्या बायकोवर नजर ठेवा."

गुरुवारी वासिती तणतणत आली. "वहिनी, त्या बिचारीला एवढी कजाग का केलीस गं?"

"कुणाला?"

"कप्तानाच्या बायकोला! आणि तो जुळा भाऊ कुठून काढलास? कमाल आहे तुझी!"

बाईंना जुळा भाऊ काही आठवेना. शुक्रवारी तिघांनी त्याच भावासाठी त्यांची पाठ थोपटली, तेव्हा आपणच लिहून विसरलो की काय, अशी त्यांना धास्ती वाटू लागली.

शनिवारी हॉल खच्चून भरला. "शेवट वाचा, बाई!" असा एकच गलका झाला. जोएलीने मान खाली घालून आपला तुकडा आणून दिला. बाईंनी तो उघडला, आणि पाहतात तर पानं कडेने एकमेकांना जोडलेलीच! या शेवटच्या भागाची पानं छापखान्याकडून कापायचीच राहिली होती.

"जोएली, तू हे वाचलंच नाहीस?"

"वाचणारच होतो, बाई. पण शिवनाथ लगेच मासळी घेऊन आला. गरम होती. काहीतरी सांगणं भाग होतं. मग दुसरे आले."

"चोरा! माझी मासळी!" शिवनाथ किंचाळला, पण खिशातली कात्री काढून पानं त्यानेच कापली.

बाईंनी खरा शेवट वाचला. दीपगृहाच्या रखवालदाराने जुन्या वैरातून कप्तानाला ढकललं होतं. एकूण एक पुरावा जुळत होता. वाचन संपलं आणि कशाबशा दोन-चार टाळ्या पडल्या.

"बरं आहे," वासिती चाचरत म्हणाली. "पण वहिनी, जोएलीचं ऐक एकदा. कप्तान मेलाच नव्हता! बुडाला तो जुळा भाऊ. हा बायकोला टाळायला भूत होऊन हिंडत होता!"

हॉलमध्ये एकच हशा पिकला. "दर पौर्णिमेला पाय भिजवून!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंचा चेहरा लाल झाला. तीन वर्षांची मेहनत! त्या चष्मा काढून जोएलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. शाळेत असताना उभ्या राहत, तशाच. जोएलीने सवयीने छडीसाठी हात पुढे केला.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी जवळ बसल्या.

"मग तो जिवंत आहे, हे बायकोला कळलं का रे?"